माइनच्या काठचं तांबडं गाव

मी आयुष्यात रत्नागिरी सोडून तीनदाच बाहेर गेले. एकदा हर्णैला मामाच्या घरी, एकदा देवदर्शनाला आणि एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला कोल्हापूरला. पण जर्मनीतलं एक गाव मला पाठ आहे. नदी कुठे वळते, किल्ला कुठल्या अंगाला, पुराच्या खुणा कुठल्या दाराच्या खांबावर कोरल्या आहेत, सगळं सांगते. ते गाव मी पाहिलेलं नाही. माझे यजमान तिथे गेले आणि परत आले नाहीत. कुंकू मी अजून लावते. का, असं विचारणारं आता कुणी उरलं नाही.

माझं शिक्षण मराठी चौथी. शाळेत मला एकच गोष्ट चांगली यायची, मास्तर सांगतील ते उतरवून घेणं. मास्तर वाचत, आम्ही लिहायचं. मधे विचारायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. माझी पाटी मास्तर वर्गभर फिरवून दाखवत. पुढे हेच माझ्या मुळावर आलं, म्हणून आधीच सांगते.

तेराव्या वर्षी माझं लग्न झालं. सासरी कौलांचा व्यापार होता. भाट्याच्या खाडीवर, राजिवड्याच्या अलीकडे वखार होती. मंगळूरहून कौलांनी भरलेले पडाव यायचे, ते भरतीच्या पाण्यावर आत घ्यायचे आणि ओहोटी लागायच्या आत रिकामे करायचे. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांना या पडावांची वाट बघण्याचा कंटाळा आला होता. मंगळूरचे कारखाने आधी जर्मन पाद्र्यांनी घातले, एवढं त्यांना ठाऊक होतं. ते मुलाला म्हणाले, "माती आपल्याकडेही आहे. भाजायची कशी तेवढं त्यांच्या मुलखात जाऊन शिकून ये. दोन वर्षं पुरेत." मुंबईच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं पत्रव्यवहार करून एका कारखान्यात सोय लावली. मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा मी पंधरा वर्षांची, ते एकवीसचे.

लग्नापासून ते निघेपर्यंतची दोन वर्षं त्यांनी मला रोज एक पान लिहायला लावलं होतं. माझ्या अक्षराला हसायचे. "हा तुझा ळ आहे की दाव्याची गाठ? हजारात ओळखेन मी हा ळ."

निघायच्या सकाळी मी मागील दारी जांभ्याच्या पायरीवर भांडी घासत होते. ते पाणी प्यायच्या निमित्तानं आले. मी विचारलं, "तिकडचं गाव कसं आहे ते कळवाल का?"

"तुला पत्र कसं लिहिणार? बाबांच्या नावानंच लिहायला हवं."

"मग बाबांना लिहा. मी दाराआड असेनच की."

ते हसले. म्हणाले, "बरं. दाराआडच्या माणसाला ऐकू जाईल असं लिहीन."

आमचं एवढंच बोलणं झालं. मग मांडवीहून मचव्यात बसून ते आगबोटीवर गेले.

आता हे आजच्या मुलींना सांगितलं तर खोटं वाटेल, पण नवऱ्यानं बायकोला पत्र घालायची रीत आमच्या घरात नव्हती. पत्र बापाच्या नावानं यायचं. शेवटी आईला नमस्कार, धाकट्या बहिणीला आशीर्वाद. बायकोचा उल्लेख करणं निर्लज्जपणाचं होतं. पत्र आलं की मामंजी दुपारचा चहा झाल्यावर ओटीवर मोठ्यानं वाचायचे. सासूबाई उंबऱ्याशी बसायच्या, नणंद खांबाला टेकून, आणि मी माजघराच्या दाराआड.

नणंद माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आणि जिभेची तिखट. पहिलं पत्र झालं तशी आत येऊन म्हणाली, "वैनी, दादानं मांजरीला पिल्लं झाली का म्हणून विचारलंन. तुझी काय चौकशी नाही हो."

"मांजर म्हातारी झालीय. तिची काळजी वाटणारच."

"आणि तू?"

"मी कुठे म्हातारी झालेय?"

वर असं बोलले, पण मला पत्रातलं कळलं होतं. पत्रात लिहिलं होतं, ‘हे गाव तांबड्या दगडाचे आहे. रंग अगदी आपल्या मागील दारच्या पायरीसारखा, मात्र जांभ्यासारखी भोके नाहीत.’ मुलगा बापाला मागील दारच्या पायरीबद्दल कशाला लिहील? मामंजी उभ्या जन्मात त्या पायरीवर बसले नव्हते. त्यानंतर प्रत्येक पत्रात एक तरी वस्तू बायकांच्या वावरातली असायची. चूल, पाटा, विहिरीचा रहाट, पोफळीखालची मोरी. मामंजी ते वाचून पुढे जायचे. माझं गाव तिथून सुरू व्हायचं.

नदीचं नाव माइन. गावाचं नाव मामंजी दर वेळी निराळं उच्चारायचे, म्हणून घरात आम्ही नुसतं ‘तिकडे’ म्हणायचो. नदी डोंगराच्या पायाशी वळण घेते आणि त्या वळणात, डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर, गाव बसलंय. एकच लांब रस्ता. मागे डोंगरावर किल्ला. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांचं राज्य त्या काठापर्यंत होतं. नदीलाच त्यांनी हद्द मानली होती आणि पलीकडच्या माणसांना ते रानटी म्हणत. घरं लाकडाच्या चौकटींची, मधे माती भरलेली, आणि ती लाकडं भिंतीवर फुल्या मारल्यासारखी बाहेरून दिसतात. डोंगरउतारावर तांबड्या दगडाचे गडगे घालून पायऱ्या पायऱ्यांची शेतं केलीत, आपण वरकस जमिनीला घालतो तशीच. त्यात भात-नाचणी नाही, द्राक्षं. शरदात द्राक्षं दाबून दारू करतात आणि ज्याच्या घरी नवी दारू तयार झाली तो दारावर हिरव्या पानांचा हार बांधतो, म्हणजे लोकांनी आत येऊन प्यावी.

"दारू झाली म्हणून तोरण!" सासूबाई म्हणाल्या. "आणि आपण लग्नकार्याला बांधतो ते काय मग?"

"तुझ्या मुलानं प्यायली असं कुठे लिहिलंय?" मामंजी म्हणाले.

"प्यायली नाही असंही कुठे लिहिलंय?"

एका पत्रात नदीतल्या गाईची हकिगत होती. नदीच्या तळाशी मैलोगणती लोखंडी साखळी टाकलेली आहे. एक वाफेची बोट ती साखळी पुढून उचलते, आपल्यावरून ओढून मागे सोडते, आणि तसं करत करत प्रवाहाच्या उलट चालते. मागे दहा-बारा मालाच्या होड्या बांधलेल्या. तिचा भोंगा गाईच्या हंबरण्यासारखा वाजतो, म्हणून लोक तिला माइनची गाय म्हणतात. नणंद आठ दिवस खाडीकडे तोंड करून हंबरत होती.

यजमान कापडाच्या दुकानावरच्या खोलीत राहत. घरमालकांचं कुटुंब यहुदी, आपल्या कोकणातल्या तेल गाळणाऱ्या शनवार तेल्यांच्याच धर्माचं. ‘आपल्याकडच्या शनवार तेल्यांप्रमाणे हे शनिवारी चूल पेटवीत नाहीत. घरच्या बाईने शनिवारचे अन्न आदल्या दिवशीच करून ठेवलेले असते आणि मलाही वाढते.’ ते वाचल्यावर सासूबाईंचा जीव थोडा भांड्यात पडला. पोराला ताटात वाढणारी कुणी बाई आहे, आणि तीही आपल्याला ठाऊक असलेल्या जातीची. त्या घराच्या दाराच्या खांबावर पुराच्या खुणा होत्या. ज्या वर्षी जिथवर पाणी चढलं तिथे रेघ मारून साल कोरायचं. सगळ्यात वरची रेघ त्यांच्या डोक्याच्याही वर होती. आमच्याकडे उधाणाचं पाणी वखारीच्या जोत्याला लागतं आणि सहा तासांत उतरतं. तिथे ते आठ-आठ दिवस घरात बसून राहतं. वाचून मला भीती वाटली. पुढच्या पत्रात होतं, ‘माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. काळजीचे कारण नाही.’ काळजी आहे असं त्यांना कुणीच लिहिलं नव्हतं.

दोन वर्षांची चार झाली. शिकून झालं होतं, त्याच कारखान्यात त्यांना भट्टीवर नोकरी मिळाली होती. मामंजी दर पत्रात ‘परत ये’ लिहीत, ते ‘पुढील वर्षी’ लिहीत. तेव्हाच एकदा होडीचं पत्र आलं.

त्यांच्या गावाजवळ नदी ओलांडायला एक होडी आहे. तिला वल्ही नाहीत, शीड नाही. वरच्या अंगाला भर पात्रात नांगर टाकलाय, त्याला लांब दोर, दोराला होडी. सुकाणू तिरकं केलं की वाहतं पाणीच तिला या काठावरून त्या काठाला ढकलतं. मामंजी वाचायचं थांबले. जन्म होड्यांत गेलेला माणूस. "वा! पण आपल्या खाडीला हे जमायचं नाही. आपलं पाणी उलटं फिरतं. हे एकाच दिशेला वाहणारं हवं." मग पुढे वाचलं. ‘ज्याला पलीकडे यायचे असेल त्याने काठावरची घंटा वाजवायची. मग होडीवाला निघतो. तो कोणालाही नाही म्हणत नाही. मात्र घंटा वाजवावी लागते, नुसते उभे राहून चालत नाही. घंटा आपल्या देवघरातल्या घंटेपेक्षा थोडी मोठी आहे.’

देवघर मी रोज पुसायचे. ते मला ये म्हणत होते, आणि मला तोंड उघडावं लागेल असंही सांगत होते.

मला जायचं होतं. समुद्र ओलांडायचं भय होतं, थंडीचं होतं, परक्या अन्नाचं होतं. तरी जायचं होतं. मी चार दिवस सासूबाईंच्या मागे मागे फिरले आणि काही बोलले नाही. पाचव्या दिवशी मामंजींना अर्धांगाचा झटका आला. त्यात उजवा हात गेला आणि माझं बोलणंही राहून गेलं.

त्यानंतर मामंजींची पत्रं मी लिहू लागले. डोळे त्यांचे शाबूत होते, आलेलं पत्र ते स्वतःच वाचत. फक्त लिहिता येत नव्हतं. नणंद लग्न होऊन सासरी गेली होती, सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. मी त्यांच्या खाटेजवळ पाटावर बसायचे, ते सांगायचे, मी उतरवायचे. तिकडचा पत्ता तिथल्याच लिपीत लिहिलेली पाकिटं यजमानांनी गठ्ठा करून पाठवली होती, त्यातलं एक घ्यायचं. पहिलं पत्र लिहिताना मला वाटलं, आता निदान माझं अक्षर तरी त्यांच्या हातात पडेल. वेडेपणा होता तो.

मग एक पत्र आलं. जाड होतं. मामंजींनी ते आधी मनात वाचलं, आणि ओटीवर वाचून दाखवलं तेव्हा लवकर संपलं. हातात जाड आणि कानाला तोकडं, हे माझ्या लक्षात आलं. पण विचारायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. सासूबाई तिथेच विळीवर नारळ खवत होत्या.

"लिही. नेहमीचा मायना घाल."

घातला.

"सौ. सूनबाईस तिकडे पाठविणे होणार नाही. तुझ्या आईची प्रकृती बरी नसते, माझे असे झाले. लिहिलंस?"

"हो."

यजमानांनी मला तिकडे बोलावलंय हे मला तेव्हा, त्या ओळीवरून, कळलं. मी मान खाली ठेवली.

"पुढे. तिची स्वतःचीही तिकडे येण्याची मुळीच इच्छा नाही."

माझा टाक थांबला. सासूबाईंची विळीही थांबली. त्या म्हणाल्या, "अहो, तिला विचारा तरी एकदा."

"काय विचारायचं? ही गेली की तो आला का परत? ही इथे आहे तोवर त्याला यावंच लागेल. नांगर आहे ही त्याचा. नांगर उचललास की होडी गेली, कळतंय का तुला?"

सासूबाई पुन्हा नारळ खवू लागल्या.

"शाई संपली का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग लिही."

मी लिहिलं. जसं सांगितलं तसं, एक अक्षर इकडे-तिकडे नाही. त्यांनी कागद घेतला, वाचला, म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं."

पाकीट खळीनं चिकटवायचं काम माझंच. भाताची खळ करून मी मागील दारी बसले. पत्र दोन-अडीच तास माझ्याकडे होतं, टाक होता, दौत होती. कागदाच्या कडेला चार अक्षरं लिहायला कितीसा वेळ लागतो? कुणी बघत नव्हतं. मी लिहिली नाहीत. लोक अशा वेळी संस्कार म्हणतात, धाक म्हणतात. धाक होताच. पण खरं सांगायचं तर मला सांगितलेलं लिहायची सवय होती, न सांगितलेलं लिहायची नव्हती. आणि थोडा रागही होता. चार वर्षं मांजरीची चौकशी केलीत ना, मग आता घ्या. मी पाकीट चिकटवलं आणि पोस्टात धाडलं.

उत्तर यायला चार महिने लागले. पावसाळ्यात आगबोटी बंद, टपाल कोल्हापूरवरून घाट उतरून यायचं. पत्र ओलं झालं होतं. मामंजींनी वाचलं. ‘आपले पत्र पोचले. मजकूर समजला. अक्षर ओळखले. प्रकृती ठीक. इकडे पाऊस आहे. आईस नमस्कार.’

संपलं. पायरी नाही, चूल नाही, रहाट नाही. त्यानंतर कुठल्याच पत्रात नाही. नदी त्यांनी पुन्हा कधी लिहिली नाही. मी मात्र दर वेळी दाराआड जाऊन उभी राहायचे.

पत्रं वर्षाला दोन झाली, मग एक. एकात होतं की घरमालकांच्या दुकानातून माल घ्यायला लोकांना बंदी झाली आहे, काच फोडली, मुलांना शाळेत बसू देत नाहीत. ‘ही माणसे या गावात सहाशे वर्षे राहत आहेत,’ असं लिहिलं होतं. सासूबाईंनी विचारलं, "शनवार तेल्यांनी कुणाचं काय वाईट केलं?" मामंजींनी पत्राची घडी घातली. पुढच्या वर्षी पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. सासूबाई मुलाची वाट बघतच गेल्या. पाठोपाठ मामंजी गेले. नांगर जागच्या जागी होता.

मामंजींच्या तेराव्यानंतर नणंद आणि मी त्यांची पेटी आवरत होतो. तळाशी त्यांच्या पागोट्याच्या घडीत एक पान होतं. यजमानांचं अक्षर. त्या जाड पत्रातलं, न वाचलेलं पान. नणंदेनं वाचायला घेतलं आणि मधेच माझ्या हातात दिलं.

‘परत येण्याचे आता माझ्याने होणार नाही. येथे माझे बस्तान बसले आहे. तिला इकडे पाठवावे, मी मुंबईपर्यंत न्यावयास येईन. मात्र तिच्यावर सक्ती नको. तिला विचारावे. आणि तिची काय इच्छा आहे ते तिच्याच हाताने एका ओळीत लिहून घ्यावे. तिचे अक्षर मी ओळखतो. ती नाही म्हणाली तर पुन्हा हा विषय काढणार नाही.’

नणंद रडू लागली. "बाबांनी असं कसं केलं गो, वैनी?"

"बाबांनी सांगितलं. लिहिलं मी," मी म्हटलं.

गठ्ठ्यात एकच पाकीट उरलं होतं. त्याच दिवशी मी पत्र लिहायला बसले. मायना काय घालावा कळेना. ‘तीर्थरूप’ नाही, ‘चिरंजीव’ नाही. नवऱ्याला लिहायचा मायना मला कुणी शिकवलाच नव्हता. म्हणून घातला नाही. सरळ लिहिलं, ‘ती ओळ मामंजींनी सांगितली होती. माझी नव्हती. मला यायचे होते. अजून यायचे आहे. मांजर मेली.’ खळ करून पाकीट चिकटवलं आणि स्वतः पोस्टात नेऊन टाकलं. त्या घरात आल्यापासून मी एकटीनं पोस्टात जायची ती पहिलीच वेळ.

पाच महिन्यांनी पत्र परत आलं. पोस्टमन दारात म्हणाला, "वैनी, तुमचंच आहे हे. तिकडे घेणारा कुणी नाही."

पाकिटावर यजमानांच्या हातचा पत्ता होता, कापडाच्या दुकानाचा. त्यावर निळ्या पेन्सिलीनं आडवी रेघ आणि एक शिक्का. शिक्क्यावर काय आहे ते डाक कचेरीतल्या मास्तरांनाही वाचता येईना. ते म्हणाले, बहुधा घर बंद आहे, माणसं गाव सोडून गेली. घरमालक गेले, हे मी समजू शकले. भाडेकरू कुठे गेला, ते कुणाला विचारणार? ज्या व्यापाऱ्यानं सोय लावली होती त्याला मुंबईला लिहिलं. त्याचं उत्तर आलं की कारखान्याकडून काही कळत नाही. मग महायुद्ध सुरू झालं आणि तिकडचं टपालच थांबलं.

पत्र परत आलं त्या दिवशी नणंद बाळंतपणाला आलेली होती. ती पाकीट उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, "उघडू का, वैनी?"

"कशाला?" मी म्हटलं. "आत काय आहे ते मला ठाऊक आहे. मीच लिहिलंय."

तिनं ते मला परत दिलं. मी ते देवघरात घंटेच्या मागे उभं करून ठेवलं आणि भाताला आधण ठेवायला आत गेले.